झैनबबीबीने दिलेला शब्द

१ मार्च २००६, केंब्रिज
भाषा मेली म्हणे! प्रोफेसरबाईंनी आज सरळ सांगूनच टाकलं. मोघोली, मंगोल भाषेची अफगाणिस्तानातली धाकटी बहीण – आता बोलणारं कुणी उरलं नाही. वीस तारखेच्या रिव्ह्यूला एक तरी बोलणारं माणूस आण, नाहीतर पीएचडीचा विषय बदल. केंब्रिजमध्ये बसून हिनं मृत्यूचा दाखला लिहायचा? बघतेच!

४ मार्च, नॉटिंगहॅम
सापडली! आई शनिवारी बायकांना इंग्लिश शिकवते, त्या क्लासमध्येच. झैनबबीबी, सत्तरीच्या पुढची, हेरातहून पेशावरमार्गे इथे आलेली. तिच्या उर्दूवर माझं हिंदी निभावलं. क्लासनंतर घरी नेलं तिनं. बोलण्यात फारसी शब्द ठासून भरलेत, प्रत्यय मात्र अस्सल मंगोल. पाण्याला 'उसुन' म्हणाली, माझ्या अंगावर काटा आला.

मग माती खाल्ली. जगभर वापरतात ती ठरलेल्या शब्दांची यादी काढली आणि विचारत सुटले. डोकं, केस, ऊ...

"माझ्या घरात उवा नाहीत," म्हणाली. उठली आणि दार उघडून उभी राहिली.

५ मार्च
आईनं झापलं. पहिल्यांदा कुणाकडे गेल्यावर उवा विचारतात का, तेही हात हलवत जाऊन! बेसनाचे लाडू वळायला घेतलेत. रेकॉर्डर घरीच ठेव म्हणाली.

११ मार्च
बीबीनं दारातच लाडवांचा डबा घेतला. आत नाही बोलावलं.

१२ मार्च
रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांच्यातही आहे! बीबीची नात तो घेऊन आली – आत अक्रोड आणि सुकी तुती. निरोप असा: शनिवारी ये, वही आणू नकोस.

१८ मार्च
तीन तास बसले. नातीचे केस विंचरताना बीबी मोघोलीतच तिच्यावर करवादत होती. मध्येच माझ्याकडे बघून हसली आणि तो शब्द आपणहून म्हणाली. उवेचा, मोघोलीतला! मी म्हणून पाहिला. तिनं तीनदा सुधारायला लावला.

रेकॉर्ड करू का, विचारलं. नको म्हणाली. पेशावरला एक साहेब टेप भरभरून घेऊन गेला, परत फिरकला नाही.

"शिकायची तर माझ्याशी बोल. घेऊन जाऊ नकोस."

परवा रिव्ह्यू. रडू येतंय, रागही येतोय, आणि तिचं बरोबर आहे.

२० मार्च, केंब्रिज
एक तरी शब्द मिळाला का, प्रोफेसरबाईंनी विचारलं. म्हटलं, मिळाला, पण देणार नाही. विषय गेला. शनिवारी नॉटिंगहॅमला जातेय, डबा भरून.