आपला आज्ञाधारक

मंगळवार, संध्याकाळ

महेश ऐकत नाही. सुट्टी संपत आली, त्याची पलटण सीमेवर निघाली, आणि हा म्हणतो मी जाणार नाही. मागच्या खेपेस त्याच्या गोळीने माणूस मेला. आता पुन्हा कुणावर बंदूक धरणार नाही. तुरुंगात घालतील त्याला. माझा जीव थाऱ्यावर नाही.

म्हणून दुपारी मीच त्याच्या नावाने अर्ज लिहिला, तो शाळेत असताना त्याच्या दांडीची चिठ्ठी लिहायचो तसाच. पोटदुखीमुळे हजर होता येत नाही. खाली, आपला आज्ञाधारक.

वाचून हसला. म्हणाला, "बाबा, पोटदुखी तुमची. माझ्या नावावर कशाला?"

"अरे, एका खोट्या शब्दाने सुटशील!"

"सुटायचं नाहीये मला. सांगायचं आहे."

त्याने पोटदुखी खोडून वर लिहिलं, 'माणूस मारणे मनाला पटत नाही.' मग आज्ञाधारकही खोडलं. नुसतं 'आपला' ठेवलं आणि सही केली.

तो खोडलेला शब्द मी तीनदा पाहिला. जन्मभर आंब्याच्या बागेत राखणीला होतो. मालक म्हणाला उभा राहा, उभा राहिलो. मला कधी जमलं असतं का हे? एवढं धैर्य पोराने आणलं कुठून? माझ्याकडून तर नाही.

नवा कागद घेऊन स्वच्छ लिहू का, विचारलं. नको म्हणाला, खोडलेलं दिसू दे त्यांना.

माझं पोट खरंच दुखतंय. तरी उद्या पोस्टात मीच जाणार. अक्षर माझं आहे.