रद्द बिलांचा रकाना

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ११ वाजून १० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच मिनिटाला आमच्या मल्हारगंजच्या धर्मादाय लॅबमध्ये, पेशंट बसतात त्या हॉलच्या भिंतीवर आजच लागलेल्या टीव्हीवर लाल अक्षरं आली — सखुबाई, शुगर व किडनी तपासणी, ६४० रुपये, बिल रद्द. काउंटर: अरुंधती.

हॉलमध्ये तीसेक माणसं. एका गृहस्थांनी मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता येतं याचा आनंद असेल! सखुबाई नंबर लावून बसली होती, बाही आधीच वर केलेली. तिने बाही खाली ओढली, पिशवी उचलली आणि निघाली. पायाला जखम आहे, एका अंगाला झुकत चालते. मी काउंटरवरून हाक मारली. वळली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रस्टचे सेक्रेटरी सुजय यांच्यासमोर जाऊन बसले. वय बेचाळीस, पारदर्शकतेचा ताप चढलेला. बिलिंगचा डेटा थेट डॅशबोर्डला जोडलाय म्हणे. दर मिनिटाला किती बिलं, किती जमा, किती रद्द, सगळं 'लाइव्ह', आणि रद्दची नावं महिनाभर यादीत. दानदात्यांनी हॉलमध्ये पाऊल ठेवलं की दिसलं पाहिजे. महिनाअखेरीस मी नुसता एक आकडा द्यायचे, तो आता पुरत नाही.

"काकू, मैं कुछ बोल नहीं रहा," म्हणाले, "पण महिन्यात त्रेसष्ट बिलं रद्द, आणि सगळी तुमच्याच लॉगिनवरून."

काही बोलत नाही म्हणत बोलणारी माणसं मी टेलिफोनच्या ऑफिसात चौतीस वर्षं बघितली. बिलंच काढायचे तिथे. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही.

पद्धत त्यांना माहीत नाही असं नाही. लॅब काढणाऱ्या श्रीहरी डॉक्टरांनीच घालून दिलेली. कुणाला 'फुकट' म्हणायचं नाही. पूर्ण रकमेचं बिल बनवायचं, हातात द्यायचं, पैसे रिपोर्टच्या वेळी द्या म्हणायचं. माणूस पुढे गेला की मागे बिल रद्द. रिपोर्ट घ्यायला आला की सांगायचं, जमा आहे. कुणी भरले विचारलं तर रजिस्टरमध्ये डोकं घालायचं. माणूस बाकीच्यांसारखंच बिल खिशात घालून घरी जातो. एवढंच.

हे सगळं पुन्हा सांगितलं. त्यावर म्हणाले, "नाव दिसलं की माणूस आपोआप भरतो, काकू."

म्हणजे चूक नाही. ठरवून केलंय!

५ नोव्हेंबर

सखुबाई आली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या खोलीवर गेले. पापड लाटत होती, पाय पाटावर, पट्टी ओली. सर्जनने सांगितलंय, रिपोर्ट आल्याशिवाय जखमेला हात लावणार नाही आणि फार थांबूही नका. मी म्हटलं, चल, रिक्षा उभी आहे. दुसरीकडे कर म्हटलं, मी भरते.

"बाई, तुम्ही भरणार, मग ते कुठं लिहिणार?" म्हणाली. सुनेच्या माहेरचा माणूस त्या हॉलमध्ये होता. घरी कळलंय. "माझं नाव त्या भिंतीवरून उतरवा, मग येते."

पाय काळा पडायला लागलाय. ही बाई हट्टी आहे. मला हट्टी बायका आवडतात, पण आज नाही आवडली.

७ नोव्हेंबर

डॅशबोर्ड जोडणारी पलक आली होती. भंवरकुआंला राहते, मुलगी हुशार आहे. तिला विचारलं, नाव काढायला किती वेळ लागेल? "आंटीजी, कॉलम हाइड करना है, दो मिनट." मग? तिने सुजय यांच्या केबिनकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी विचारलं होतं तिने. सर म्हणाले, राहू दे.

दोन मिनिटं! आणि तिकडे पाय काळा पडतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज खोटं बिल केलं. आयुष्यातलं पहिलं. शाळेत, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी उभं केलं असतं बाकावर, पण कारण ऐकून खाली बसवलंही असतं.

बरोबर ११ वाजून १० मिनिटांनी सुजय यांच्या नावाने लिपिड प्रोफाइल, ६५० रुपये. मग रद्द. मिनिटभरात भिंतीवर लाल अक्षरांत सेक्रेटरी. हॉलमध्ये खसखस पिकली. "अरे भिया, सरजी का भी माफ!"

केबिनमधून धावत आले. पलकला फोन — माझं नाव आत्ताच्या आत्ता काढ. ती फोनवर शांतपणे सांगत होती, मला ऐकू येत होतं: एकट्याचं नाव निघत नाही सर, काढायचा तर सगळा रकाना काढावा लागेल. तर त्यांनी टीव्हीचं बटणच बंद केलं.

मी म्हटलं, "तुमचं नाव पाच मिनिटं होतं. सखुबाईचा आठवा चाललाय. दिवस म्हणते मी."

दुपारी चारला माझं लॉगिन बंद झालं.

११ नोव्हेंबर

टीव्ही पुन्हा चालू. सखुबाई महिन्याच्या यादीत आहे तशी. सुजय मात्र नाहीत — माझं ते एक बिल डेटामधूनच पुसून टाकलंय. पारदर्शकता!

मला घरी आराम करायला सांगितलंय. सिस्टर म्हणायच्या, तोंडी केली तर ती कुरकुर, लिहून दिली तर तक्रार. कागद काढला. मग कपाट उघडून जुनी फाइलही काढली. बरीच वर्षं हात लावला नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पत्र सगळ्या ट्रस्टींना दिलं, पोच घेतली. सोबत याच लॅबचं एक जुनं बिल जोडलंय. ९ ऑगस्ट १९९१, आमच्या यांच्या तपासण्या, एकशे ऐंशी रुपये. यांच्या आजारपणात मी बिनपगारी रजेवर होते. रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवर म्हणाले, जमा आहे. मला वाटलं भाऊजींनी भरले. सत्तावीस वर्षं मी त्यांचे आभार मानले आणि ते "असू दे वहिनी" म्हणत राहिले. रिटायर होऊन या काउंटरवर बसले, तेव्हा जुन्या रजिस्टरमध्ये माझी ओळ सापडली. श्रीहरी डॉक्टरांच्या अक्षरात — रद्द.

पत्राचा शेवट इथे उतरवून ठेवते: 'नावांचा रकाना काढा. काढायचा नसेल तर माझं नाव लाल अक्षरांत सखुबाईच्या वर लावा. काय करणार ते लेखी कळवा — शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत.'