साइड कोणी द्यायची

१८ जून १९७८, रविवार
गाडी आली. काळी अॅम्बेसेडर. आमच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या साहेबांची. साहेबांनी ती फार जपून वापरली. म्हणजे आता मला ती मनसोक्त वापरायला हरकत नाही.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत आजवर एकच गाडी होती. समोरच्या मनोहररावांची, क्रीम रंगाची फियाट. बांधकामाचे कंत्राटदार आहेत, त्यामुळे आपण कोणी आहोत असा त्यांचा समज आहे. आता गल्लीत दोन गाड्या झाल्या आणि मोठी माझी आहे.

सुमतीने बॉनेटला कुंकू लावलं आणि चार बायकांसमोर विचारलं, तुम्हाला चालवता येते ना. लायसन्स खिशातून काढून दाखवलं. ती म्हणाली, ते परवाच पाहिलं, मी चालवण्याचं विचारते आहे.

संकल्प: नागपुरात ड्रायव्हिंगला शिस्त नाही. ती मी आणणार.

२० जून
पहिला नियम सापडला. गाडी रस्त्याच्या मधोमध चालवावी. डावीकडे सायकली, उजवीकडे समोरून येणारे. मधे कोणी नसतं. बर्डीच्या बाजारात आज मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न देत होता. लोकांना घाई फार. मी वेग आणखी कमी केला, म्हणजे त्याला विचार करायला वेळ मिळावा. शेवटी तो डावीकडून गेला आणि जाताना माझ्या वडिलांबद्दल काहीतरी बोलला. असल्यांची लायसन्सं जप्त करायला हवीत.

२४ जून
मनोहररावांनी मला ओव्हरटेक केलं. कॉटन मार्केटजवळ. वर हात हलवून हसले. मी हसलो नाही.

२५ जून, रविवार
मनोहररावांनी सकाळी सार्वजनिक नळावर फियाट धुतली. अर्धी गल्ली पाणी भरायला खोळंबली. याला म्हणतात बेपर्वाई. ते गेल्यावर मी माझी धुतली. उरलीसुरली गल्ली तेव्हा खोळंबली, पण ती आधीच खोळंबलेली होती.

रात्री जेवताना सुमतीला दोन्ही गाड्यांतला फरक समजावून सांगितला. ऐकून म्हणाली, मला तर तुम्ही दोघे सारखेच दिसता. बावीस वर्षांच्या संसारात या बाईने मला बरोबर असं कधी म्हटलेलं नाही. या एका बाबतीत तिच्या तोंडून वदवून घेणार. बाकी मला काही नको.

३ जुलै
गाडीला ट्रकचा भोंगा बसवला. मेकॅनिक म्हणाला, एवढ्या भोंग्याची गरज काय. त्याला म्हटलं, मनोहररावांच्या फियाटला दोन सुरांचा हॉर्न आहे. त्याला लगेच समजलं.

सकाळी ऑफिसला निघताना वाजवला. वरच्या मजल्यावरच्या यमुताई जिन्यात खालीच बसल्या. तब्येतीने नाजूक आहेत, त्यांनी जिन्यात हिंडू नये.

११ जुलै
पावसाने रस्ते खड्ड्यांनी भरले. खड्ड्यातून गाडी जोरात काढावी, हळू काढली तर इंजिनात पाणी जातं. आज पांढरं धोतर नेसलेले एक गृहस्थ खड्ड्याच्या अगदी काठाशी उभे होते. लोकांना उभं कुठे राहावं हेसुद्धा कळत नाही. नंतर ऑफिसात नव्या साहेबांच्या केबिनमध्ये तेच गृहस्थ बसलेले दिसले. पंचा गुंडाळून. मी फाइल उद्या नेऊ म्हणून परतलो.

१६ जुलै
गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावायला सुरुवात केली आहे. त्याने बैलबंड्या, ठेले आणि मोकाट जनावरं आत येत नाहीत. मनोहररावांची फियाटही चौकाकडे बाहेर पडत नाही, पण तो हेतू नाही.

भैय्याजी आला होता. चौकात पानाचा ठेला आहे त्याचा, आणि मोहल्ल्याच्या मंडळाचा तोच कर्ताधर्ता. हात जोडून म्हणाला, साहेब, गाडी जराशी सरकवून घ्या जी, लोकाइले अडचण होऊन राहिली. मी त्याला ट्रॅफिकचं शास्त्र समजावून सांगितलं. बराच वेळ ऐकत होता. हुशार माणूस. जाताना म्हणाला, तुमचं ध्यानात राहीन साहेब.

२२ जुलै, शनिवार
मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

दुपारी सुमतीला घेऊन बाजारातून येत होतो. गल्लीत शिरलो तर समोरून मनोहररावांची फियाट. गल्लीत एकच गाडी मावते. दोघांची बॉनेटं नाकाला नाक लावून उभी. मी भोंगा दिला. त्यांनी दोन सुरांचा दिला. मी पुन्हा दिला. मागे कोणी जावं? मोठी गाडी माझी, आणि मी आत येत होतो, ते बाहेर जात होते. आत येणाऱ्याचा मान पहिला. शिवाय रिव्हर्स गिअर मला तत्त्वतः मान्य नाही. (तो अजून नीट सापडतही नाही, पण ते वेगळं.)

त्यांच्या मागे एक सायकलरिक्षा अडकली. तिच्यात आमच्या गल्लीतली बायजाबाई आणि तिची सून कौसल्या. सुनेचे दिवस भरले होते म्हणे. बायजाबाई उतरून माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, साहेब, गाडी मांगं घ्या जी, पोरीचा जीव चालला. मी तिला शांतपणे सांगितलं की हे तू पुढच्या गाडीवाल्याला सांग, नियम माझ्या बाजूने आहे. ती म्हणाली, चौकाकडे तुम्हीच उभे हाव नं, ते कुठून काढतीन. अशा प्रसंगी बायकांशी वाद घालू नये. मी काच वर केली.

एवढ्यात सुमती दार उघडून उतरली. बहुधा माझा विजय जवळून बघायला. आणि तो झालाच. मनोहररावांनी हार मानली. रिक्षा एका दारात घुसवली गेली, आणि ती फियाट अख्खी गल्ली उलटी, पार मारुतीच्या देवळापर्यंत मागे गेली आणि तिकडच्या बोळातून बाहेर पडली. जाताना तिच्या मागच्या सीटवर तीन बायका कोंबलेल्या दिसल्या. एकीच्या अंगावर सुमतीच्यासारखंच लुगडं होतं. माणसं कोंबून गाडी चालवणं हा गुन्हा आहे हे मनोहररावांना कोणी सांगायचं?

मी गाडी सरळ दारात आणून लावली. इंचभरही मागे न घेता.

संध्याकाळी, सात
सुमती आत्ता आली. लुगड्याला डाग. कौसल्येला मुलगी झाली, दवाखान्याच्या पायऱ्यांवरच. दोघी बऱ्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. डॉक्टर लोकांना असं बोलायची सवयच असते. मी सुमतीला विचारलं, पण मागे कोणी घेतली गाडी? ती म्हणाली, मनोहररावांनी. मी म्हटलं, बघ. ती न्हाणीघरात गेली.

६ ऑगस्ट
सुमती हल्ली गाडीत बसत नाही. बाजारात पायी जाते. मागच्या सीटची स्प्रिंग टोचते, असं तिने म्हटलेलं नाही, पण तेच कारण असणार. सीट दुरुस्त करून घ्यावी.

१३ ऑगस्ट, रविवार
मला एक अप्रतिम कल्पना सुचली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या बाईचा प्रचंड पुतळा. तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. वर्षभर ज्याने लोकांना छळलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, महालाच्या रस्त्यांतून मिरवायचा, लोकांनी ओरडून त्याला गावाबाहेर घालवायचं आणि शेवटी जाळायचा. महागाईचा करतात, साथीचा करतात. यंदा आमच्या मोहल्ल्याचा बडग्या बेपर्वा ड्रायव्हरचा का नसावा? कोणता ड्रायव्हर, ते नाव घ्यायची गरज नाही. लोक ओळखतील. आणि सुमतीही ते डोळ्यांनी बघेल.

भैय्याजीच्या ठेल्यावर जाऊन सांगितलं. पान लावता लावता त्याचा हात थांबला. शेजारी देवाजी बसला होता, बडग्या बांधणारा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भैय्याजी म्हणाला, साहेब, आमी तं हेच ठरवून राहिलो होतो, पण तुमाले कसं सांगावं म्हणत होतो. किती संकोची लोक आहेत. मी भरघोस वर्गणी दिली. त्यांनी मला बडग्याचा सल्लागार केलं.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून ठेल्यावर. वाईट ड्रायव्हर कसा असतो ते देवाजीला तपशिलात सांगितलं. रस्त्याच्या मधोमध चालवतो. हॉर्नवर हात ठेवूनच बसतो. खड्ड्यातलं पाणी उडवतो. गाडी आडवी लावतो. देवाजी मान डोलवत होता. मधेच म्हणाला, आन् बाईच्या तोंडावर काच वर करते. वा, मला हे सुचलं नव्हतं. कल्पक माणूस.

२० ऑगस्ट
देवाजीने मला स्टुलावर बसवून ड्रायव्हर कसा बसतो ते करून दाखवायला सांगितलं. दाखवलं. त्याने सुतळीने खांदे मोजले. मी म्हटलं, ते जरा माझ्याहून जाड आहेत. तो म्हणाला, कागद फुगते साहेब, काहून फिकर करता.

गाडी चालवताना मी घालतो ती जुनी फेल्ट हॅटही त्यांनी मागून घेतली. मनोहरराव हॅट घालत नाहीत. पण बडग्यात थोडी अतिशयोक्ती चालते. मी नवी हॅट घेतली.

पुतळ्याच्या गळ्यात अडकवायची पाटीही मीच लिहून दिली: रस्ता माझ्या बापाचा, तुमचा तुम्ही शोधा. भैय्याजीने दोनदा वाचली आणि म्हणाला, सगळ्या मोहल्ल्याले समजन साहेब, कोण हाये ते.

२७ ऑगस्ट
मनोहरराव गेटपाशी भेटले. म्हणाले, शरच्चंद्रराव, त्या दिवसाचं मनात ठेवू नका, माझंही चुकलं, मी हॉर्न वाजवत बसायला नको होतं. मला एक क्षण त्यांची दया आली. बडग्या थांबवावा का, असंही वाटून गेलं. मग फियाटच्या मागच्या काचेला लावलेले नवे पडदे दिसले. दया गेली.

२ सप्टेंबर, पोळा
रस्त्यावर सजवलेले बैल. इंडिकेटर नाही, हात दाखवणं नाही. भोंगा दिला तर एक जोडी उधळून मिठाईच्या दुकानात शिरली. वर लोक माझ्याच अंगावर धावून आले. उद्या सगळ्यांना कळेल की वाईट ड्रायव्हर कोण.

३ सप्टेंबर, सकाळी नऊ
सुमतीला म्हटलं, आज तरी गाडीतून चल. म्हणाली, मी पायी बायजाबाईकडे जाऊन बघीन. ठीक आहे. कुठूनही बघ, पण बघ.

चौकात पोलिसाने अडवलं. आज गाड्या बंद आहेत म्हणाला. त्याला म्हटलं, मी बडग्याचा सल्लागार आहे. त्याने माझी हॅट पाहिली, गाडी पाहिली, आणि तोंड फिरवून हसला. मग सलाम करून आत सोडलं. हे मी गाडीत बसून लिहितो आहे. ढोल ऐकू येत आहेत.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
थोडक्यात लिहितो.

मारबत गेली. मागोमाग आमचा बडग्या आला. बांबूची अख्खी गाडी, तिच्यात हॅटवाला माणूस, एक हात भोंग्यावर. गाडी काळी होती. मला वाटलं, क्रीम रंग संपला असेल. मग नंबरप्लेट दिसली. एक आकडा चुकलेला नव्हता. खिडकीला खरी काच होती आणि बाहेर एका बाईचा कागदी हात लावलेला होता.

बडग्या आला आणि माझ्या गाडीसमोर थांबला. नाकाला नाक. लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढा मोठा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही. भैय्याजी खिडकीशी आला. हात जोडून म्हणाला, साहेब, गाडी मांगं घ्या जी. मला रिव्हर्स सापडेना. भोंग्यावर हात गेला तर लोकांना वाटलं मी खेळात सामील आहे. मग दहाबारा जणांनी माझ्यासकट गाडी मागे ढकलत नेली. ढकलणाऱ्यांत मनोहरराव होते. ते एकटेच हसत नव्हते. बाकीच्यांना म्हणत होते, सांभाळून रे, आत माणूस आहे.

बायजाबाईच्या ओट्यावर सुमती उभी होती. हातात कौसल्येची मुलगी. बडग्या समोरून गेला तशी सगळी गल्ली ओरडली, घेऊन जा गे मारबत. सुमतीही ओरडली. अगदी मनापासून. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

४ सप्टेंबर, सोमवार
गाडी काढली नाही. ऑफिसला पायी गेलो.

दिवसभर स्वतःला समजावलं की लोक पुतळ्याला ओरडतात, माणसाला नाही. रिवाजच आहे तसा. रात्री जेवताना सुमतीला विचारलं, तू काल ओरडलीस ते बडग्याला की मला?

तिने पोळी वाढली, त्यावर तूप घातलं. म्हणाली, बडग्या तर कालच जाळला.