उलट्या पिळाचं भिरभिरं

चामराजपेट, बेंगळूरु
१३ जानेवारी २०२५

ती. सौ. अहल्याआत्यास,
श्रीविद्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन टाके सुकले नाहीत तोच तू स्वयंपाकघरात शिरलीस हे वाचून मला काकांची दया आली. इकडे यायचा हट्ट मात्र एवढ्यात धरू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि अण्णांची जीभ अडखळते. तुम्ही बहीणभाऊ बोलायला लागलात की दोघंही ओरडता आणि शेवटी मला विचारता, काय म्हणाला, काय म्हणाली. त्यापेक्षा पत्रं बरी. हे मी व्हाइटफील्डच्या ऑफिसातून लिहिते आहे, कारण घरी काही लपून राहत नाही.

अण्णांना अर्धांगाचा झटका आला तो दसऱ्याच्या आधी. पाय सुधारला, स्वतःचे स्वतः चालतात. बोलणंही सुधारतंय, पण परक्या माणसासमोर तोंड उघडत नाहीत. डावा हात तेवढा तसाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की त्यांना कसली काळजी लागू देऊ नका; हातात जोर आलाय, पण ते तो वापरतच नाहीत. जे काही परत मिळवायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच, पुढे हात तसाच राहून जाईल. हे ऐकल्यापासून मला कॅलेंडराकडे बघवत नाही.

अण्णा चिकपेटातून आणलेली राखाडी शाल गुंडाळून बसतात आणि हात तिच्या आत. व्यायाम शिकवायला गिरीराज नावाचे गृहस्थ येत होते. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो अण्णांनी उजव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. आता ते गृहस्थही येत नाहीत.

म्हणून मी एक लबाडी केली आहे. मी खेळणी आखायचं काम करते हे तुला ठाऊकच आहे. घरी बसून मी एक भिरभिरं केलं. वीतभर काडी आणि तिच्या डोक्यावर दोन पाती. काडी दोन तळव्यांत धरायची, एक हात झटक्यात पुढे सारायचा आणि सोडून द्यायचं, की ते गरगरत वर जातं. सगळेजण उजवा हात पुढे सारतात, म्हणून पात्यांना त्या बाजूचा पीळ असतो. मी पीळ मुद्दाम उलटा दिलाय. डावा हात पुढे सारला तरच हे उडतं, उजव्याने सारलं तर खाली आपटतं. ऑफिसचा याच्याशी काही संबंध नाही. पण अण्णांना सांगितलं की हे आमचं नवं खेळणं आहे, बाजारात जायच्या आधी कंपनीला तुमचं मत हवंय.

पीळ मुद्दाम उलटा आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर तो हात शालीबाहेर यायचाच नाही. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो या लबाडीत सामील होण्याइतका वाढावा ही विनंती.

तुझी,
श्रीविद्या


चामराजपेट, बेंगळूरु
२० जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
हयवदनाचे शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. इथे डॉक्टर डाव्या हाताला कन्नडात ‘एड’ म्हणतात. तुला बेळगावात राहून हे सांगायला नको. माझा हा एड हात आपल्या मराठीतलाही येडा झालाय. मी सांगतो एक, तो करतो भलतंच. म्हणून मी त्याला काही सांगायचंच सोडून दिलंय. चालायचंच.

पत्र लिहिण्याचं कारण विद्या आहे. तिने एक उडतं भिरभिरं आखलंय आणि मला तपासायला दिलंय. अक्का, माझा उभा जन्म पंख्यांच्या कारखान्यात गेला. पातं हातात आलं की मला पीळ समजतो. या भिरभिऱ्याचा पीळ सपशेल उलटा आहे. चारचौघांसारखं उडवलं तर थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर आदळलं. आमच्याकडे नवीन आलेले हमखास ही चूक करायचे. नकाशा वरून बघून काढलेला असतो, बनवणारा तो खालून बघतो, आणि पाती उलटी होऊन येतात. पण विद्याने ती करावी? पीळ म्हणजे काय हे तिला शाळेत असताना मीच समजावलं होतं.

माझ्या आजारपणात तिच्या रजा संपल्या. परवा तिच्या ऑफिसातल्या पद्मावती मॅडमचा फोन आला होता. कशाला तरी उशीर झाला म्हणून त्या बोलत होत्या आणि ही नुसती सरी मॅडम, सरी मॅडम म्हणत होला हो करत होती. आता असली हजारो भिरभिरी दुकानांत गेली तर तिला कोण ठेवून घेईल? तिची आई गेल्यापासून घर तिच्यावर आहे, त्यात मी असा. सांगायला जावं तर पोरीचा चेहरा उतरेल, न सांगावं तर नोकरी जाईल. रात्री छताचा पंखा बघत पडून असतो.

तूच काय ते सांग, आणि स्वल्प लवकर लिही. लहानपणी माझ्या खोड्या पोटात घालायचीस, तसाच लोभ आताही असावा.

तुझा,
हयवदन


बेळगाव
२७ जानेवारी २०२५

चि. श्रीविद्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पाठोपाठ हयूचंही पत्र आलं आणि मी हसत सुटले. तुझ्या काकांना वाटलं, आता हिच्या डोक्याचंही ऑपरेशन करावं लागणार. मग हसू थांबलं. तुझ्या वडिलांनी पीळ ओळखलाय, पण त्याला वाटतंय की ती तुझी चूक आहे. ती चूक उघडकीला येऊन तुझी नोकरी जाईल या धास्तीत तो आहे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही.

आता मी काय करू ते सांग. खरं कळवलं तर हात गेला, नाही कळवलं तर त्याची झोप गेली. तूर्त मी त्याला डावा हात वापरून बघ असं सुचवते आहे. पण तुझ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काळजीपासून लांब ठेवायला सांगितलंय, ते विसरू नकोस. त्याच्यावर लक्ष ठेव.

तुम्हा दोघांची पाकिटं अदलाबदल होऊ नयेत म्हणून मी पत्ते तीनतीनदा वाचते. या वयात मला असली कामं लावता, तरी लोभ आटत नाही.

तुझी,
अहल्याआत्या


बेळगाव
२७ जानेवारी २०२५

चि. हयवदनास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. तू तिला काही बोलू नकोस आणि त्या भिरभिऱ्याची पाती चुलीवर शेकवून सरळ करायला जाऊ नकोस. तुला मी ओळखते. अडकित्ता नीट करतो म्हणून आईचा अडकित्ता कायमचा बंद करून ठेवणारा तूच.

पीळ उलटा असेल, पण ते अजिबातच उडत नाही का, हे तू पाहिलंस का? माझ्यासारख्या अडाणी बाईला एवढंच सुचतं की उजव्याने खाली जात असेल तर डाव्याने वर जाईल. तपासायला दिलंय तर पुरतं तपासावं. गच्चीवर जाऊन, शाल बाजूला ठेवून बघ आणि मला कळव.

तब्येतीला जप. मी मोठी आहे, तेव्हा माझं ऐकावंस. लोभ मागायचा असतो असं म्हणतात, मी तो हुकमानेच घेते.

तुझी,
अक्का


चामराजपेट, बेंगळूरु
१४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
हयवदनाचे शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं निघालं. आधी मी उजवा हात मागे ओढून बघितला. तसं केलं की फिरतं बरोबर, पण काडी घरंगळत माझ्याकडेच येते आणि पातं नाकावर बसतं. ओरखडा कसला म्हणून विद्याने विचारलं, तर दाढी करताना लागलं म्हटलं. नाकाची दाढी कोण करतं, हे तिने विचारलं नाही.

मग या येड्यालाच कामाला लावलं. ती ऑफिसला गेली की मी गच्चीवर जातो. सुरुवातीला काडी बोटांतून गळून पडायची आणि ती उचलता उचलता मी रडकुंडीला यायचो. आता भिरभिरं कपड्यांच्या दोरीवरून पलीकडे जातं. म्हणजे खेळणं चालतं, फक्त ते डावखुऱ्यांचं आहे. डावखुऱ्या पोरांसाठी मुद्दाम कुणी काही करत नाही. हे मॅडमना नीट समजावलं तर विद्याची चूक झाकली जाईल.

पण वेळ कुठे आहे? ती सांगत होती की नमुना पक्का झाला, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तो साच्यासाठी होसकोट्याच्या कारखान्यात जाणार. मी आता लवकर उडवून दाखवावं, असंही म्हणाली. एकदा साचा कापला की चूक मागे घेता येत नाही, हे मी जन्मभर बघितलंय. आडवा झालो की छातीत धडधडतं. रक्तदाबाची गोळी एकाऐवजी दोन घेतो, हे विद्याला माहीत नाही. तूही कळवू नकोस.

त्या सोमवारच्या आत मलाच काहीतरी करायला हवं. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, पण पोरीच्या नोकरीपुढे माझी लाज काय घेऊन बसायची. लोभ असावा, या वेळी जरा जास्तच.

तुझा,
हयवदन


बेळगाव
१९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीविद्यास आशीर्वाद.

शेजारच्या पवित्राकडून सकाळपासून तुला फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. म्हणून घाईने लिहिते.

होसकोट्याची थाप तू कशासाठी मारलीस? त्याने हात लवकर हलवावा म्हणून मारली असशील, तर तो हलतोय. भिरभिरं दोरीवरून जातं असं त्याने लिहिलंय. पण तो रक्तदाबाच्या दुप्पट गोळ्या घेतोय आणि रात्र रात्र जागा असतो. तुला सांगू नकोस म्हणून त्याने बजावलंय. मी सांगते आहे. तो माझा भाऊ आहे, आणि हात मिळवण्याच्या नादात आपण दोघी त्याला गमावून बसू.

सोमवारच्या आत त्याला खरं सांग. तो शाल पांघरून बसला तर बसू दे. तो काहीतरी करायच्या बेतात आहे आणि मला इथून उठून येता येत नाही. आज बाकी काही लिहीत नाही. लोभ असेल तर एवढं ऐक.

तुझी,
आत्या


चामराजपेट, बेंगळूरु
२६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आत्यास,
श्रीविद्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आज शिवरात्रीची सुट्टी, म्हणून घरूनच लिहिते आहे. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. अण्णा आत झोपले आहेत. गोळ्या डॉक्टरीणबाईंना विचारून पुन्हा एकावर आणल्या आहेत, तेव्हा आधी तू निर्धास्त हो.

पवित्राचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून फोन उचलला नाही. तुझं पत्र सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर होतं. ते फोडते आहे तोच खालून निरोप आला की तुमचे वडील आलेत आणि त्यांना पद्मावती मॅडमना भेटायचंय. दसऱ्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटा न गेलेला माणूस मॅजेस्टिकला मेट्रो बदलून व्हाइटफील्डला आला होता. जिना उतरताना एकच डोक्यात होतं, वाटेत कुठे पडले असते तर त्यांना नावसुद्धा धड सांगता आलं नसतं.

मी पोचले तोवर मॅडम त्यांच्यासमोर बसल्या होत्या. अण्णा कन्नडात बोलत होते. शब्द अडकत होते, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती, ती उजव्या हाताने पुसून ते पुन्हा सुरुवात करत होते. ते सांगत होते की पीळ उलटा झाला ही माझी चूक, मुलीला मीच तसं शिकवलं. माझ्या आजारपणात तिची ओढाताण झाली, तिला कामावरून काढू नका. आणि खेळणं वाया गेलेलं नाही, डावखुऱ्या मुलांना उडवता येईल. असं म्हणून त्यांनी शाल खुर्चीवर टाकली, डावा हात पुढे सारला आणि भिरभिरं सोडलं. ते सरळ वर गेलं, छताच्या दिव्याला लागलं आणि मॅडमच्या पायाशी पडलं.

मॅडमनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं की हे आपलं कुठलं खेळणं. अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मग मी तिथेच, सगळ्यांच्या देखत सांगितलं. पीळ मी मुद्दाम उलटा दिला, तुमचा हात शालीबाहेर यावा म्हणून. होसकोट्याला काहीही जाणार नव्हतं. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ते खुर्चीत बसले आणि एवढंच विचारलं की म्हणजे तुझी नोकरी जाणार नव्हती का. मी नाही म्हटलं. त्यांनी मॅडमना विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. मग पुन्हा मला विचारलं. हाताबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो हात मी ऑफिसला निघाल्याचं दाखवून जिन्याच्या दाराआडून चोरून बघत होते, खूश होत होते. चेहऱ्याकडे मी कधी बघितलंच नाही, आत्या. मी त्यांना खेळणं दिलं असं समजत होते आणि त्यांनी ते माझं संकट म्हणून इतके दिवस उचललं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि आणखी एकदा सांगितलं की नोकरी कधीच जाणार नव्हती. तेव्हा त्यांना ते पटलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडायला लागले. उजवा हात आधी पोचला, डावा स्वल्प मागाहून.

लोभ आहे, तो आम्हा दोघांवर राहू दे.

तुझी,
श्रीविद्या