धाकटीसाठी थांबवलेलं वर्ष

आई, उद्या सकाळी पोरीच्या शाळेत मला एक कागद लिहून द्यायचा आहे. ती पाचवीत गणितात नापास झाली, फेरपरीक्षेतही झाली. नियमानं तिला पाचवीतच ठेवायचं, पण बाई म्हणाल्या, "मागच्या खेपेला तुम्ही केवढं भांडला होता, म्हणून आधी तुमचं लेखी घेतोय. ठेवायचं नसेल तर तसा अर्ज द्या, वर विचारून बघू." तुझे जावई म्हणतात, "तूच ठरीव, तुला त्यातलं जास्त कळतंय." कळतंय कसलं डोंबल! मला त्यातलं एकच ठाऊक आहे, आणि ते तुझ्यामुळं.

माझ्या सातवीच्या निकालाचा दिवस. मी वर्गात पहिली नाही तर दुसरी यायची, आणि गुरुजींनी माझं नाव नापासांत वाचलं. वाचताना ते माझ्याकडं बघत नव्हते, खिडकीकडं बघत होते. मी रडत घरी आले तर तू उंबऱ्याशी उजेडाला बसून हुपरीच्या शेठजींच्या पैंजणांना घुंगरं जोडते आहेस. मान वर करत नाहीस. "असू दे की. एका वर्सानं काय बिघडत न्हाय," म्हणतेस. बास, एवढंच. आणि त्याच संध्याकाळी तू माझ्या पायांत पैंजण घातलेस. जन्मभर दुसऱ्यांचे पैंजण करणारी तू, आपल्या घरात तोवर एक जोड नव्हता, आणि तो आला माझ्या नापास होण्याच्या दिवशी. मी अशी खुळी, की तेवढ्यावर हसले.

पुढचं वर्षभर मी माझ्या पाठच्या बहिणीच्या, धाकटीच्या बाकावर बसून तीच सातवी पुन्हा केली. पोरं मला म्हातारी म्हणायची. मी पहिली आले, पण त्यात कसला आलाय आनंद, सगळं पाठच होतं. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंतच, पुढं हुपरीला एस्टीनं जायचं. जूनमध्ये आम्ही दोघी पहिल्यांदा निघालो तेव्हा तू फाट्यावर सोडायला आली होतीस आणि शेजारच्या काकूंना सांगत होतीस, "मीच गुरुजींच्या पाया पडून थोरलीला एक वरीस ठिवून घेतली बघा. एकटी पोर एवढ्या लांब जायाची म्हंजी जीवाला घोर. आता दोघी संगट जातील." तुझा आवाज म्हणजे गावाला दवंडी, अख्ख्या फाट्यानं ऐकलं. मी एस्टीत चढले, पैंजण काढून दप्तरात टाकले, ते पुन्हा कधी घातले नाहीत. वर्षभर मी स्वतःला मठ्ठ समजत होते, आई! रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसत होते, कुठं चुकलं ते शोधत. आणि तू ते बघत होतीस.

त्यानंतर मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. व्हय, न्हाय, जेवले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस, तोवर हेच. तुझं बारावं झालं आणि आबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "बाप म्हणून मी तुझं नाव शाळेतनं काढणारच हुतो. एकटीला धाडणार न्हाय म्हंजी न्हाय. तुझी आईच आडवी पडली. म्हणली, एक वरीस थांबा, दोघींना संगट धाडू, पर शाळा मोडू नका." मला तोंडात मारल्यागत झालं. अगं, एवढं मोठं तोंड तुझं, मग हे एक वाक्य मला सांगायला काय झालं होतं? आणि मी तरी कधी विचारलं? इतकी वर्षं झाली, अजून भाकरी थापताना आठवलं की हात थांबतो. मला तुझी माफी मागायची होती, आणि तुझ्याशी भांडायचंही होतं. दोन्ही राहिलं.

शहाण्या माणसानं यातून काहीतरी शिकलं असतं. मी उलटंच शिकले. पोर तिसरीत असताना तिच्या बाईंनी बोलावून नीट समजावून सांगितलं होतं, "कच्ची आहे, तुमची तयारी असेल तर तिसरी पुन्हा करू दे." मी तुझीच लेक, आवाज असा चढवला की ग्राउंडवरची पोरं दारात गोळा झाली. माझ्या पोरीला मागं ठेवायचं नाव काढायचं नाही, म्हटलं. घरी येताना ताठ मानेनं आले, जावेला सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, तू जे करायला हवं होतंस ते मी करून दाखवलं. पोर बिचारी दोन वर्षं वर्गात नुसती बसून राहिली. गणिताच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं, आणि मी तिला ओवा खायला द्यायची. तुझ्यावरचा राग मी तिच्या अंगावर काढला, दुसरं काय.

आज संध्याकाळी मी तिला विचारलं. मला कुणी विचारलं नव्हतं, मीही तिला आजवर विचारलं नव्हतं. ती पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. म्हटलं, "तुला काय वाटतंय? पाचवीतच थांबायचं, का वर जायचं?" तिनं लगेच सांगितलं, जणू कधीपासून तयारच होती. "थांबू दे की मम्मी मला. मला हातच्याची वजाबाकी अजून येत न्हाई." मग माझ्या तोंडाकडं बघून हळूच म्हणाली, "पण तुला चालंल का?"

चालेल म्हणायला हवं होतं. एक शब्द, आई, तोही निघाला नाही. "बघू," म्हटलं आणि आत येऊन हे लिहायला बसले. ती अजून बाहेर बसून आहे, शेंगा केव्हाच संपल्या असतील. हे पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. तिनं विचारलं तेव्हा माझ्या मनात आधी तिचं गणित आलं नाही. जावेला काय सांगायचं, हे आलं.