पाठीवरचा भोपळा

६ एप्रिल, सकाळी
संस्कृतीच्या पोटात पुन्हा दुखलं. पोहण्याचा क्लास साडेसातला, पोटदुखी बरोबर सातला. दहा वर्षांची नात, पण वेळ पाळावी तर अशी. सूनबाई म्हणाली, भीती वाटते तिला, सर म्हणतात हळूहळू जाईल. मी म्हणाले, कशी जाईल. सोसायटीच्या टाकीला औषधाचा वास, तळाला निळ्या फरश्या, पाणी जागचं हलत नाही. मेलेलं पाणी ते. पोर भिणारच. पोहायला झऱ्याचं जिवंत पाणी लागतं. मी शिकवते.
रणजितने मोबाईलमधून मान वर काढली. पाडव्यानंतर पहिल्यांदा. आई, तुला पोहता येतं, असं विचारतो. एकाहत्तर वर्षांची झाले आणि पोटचा पोरगा हे आज विचारतो. माहेरच्या कुंडात आम्ही उन्हाळाभर पडून असायचो, तेव्हा याच्या बापाचं स्थळसुद्धा आलं नव्हतं.
सूनबाईने अट घातली. ११ मेला मामांच्या गावी, म्हणजे माझ्या माहेरी, जायचंच आहे, तेव्हा कुंड या काठापासून त्या काठापर्यंत एकदा पोहून दाखवा. मग क्लास बंद, सुट्टीभर संस्कृती तुमची. नाहीतर क्लास चालू. खराडीला नोकरी करते, प्रत्येक गोष्टीला तारीख लावते. मी म्हणाले, ११ कशाला, उद्या. उद्या तिला मीटिंग होती. वाचली.

७ एप्रिल
ही वही मी कोणासाठी लिहीत नाही. चौथी पास आहे, ती पण गुरुजींच्या मर्जीने. वाचलीच कोणी, तर अक्षराला हसू नये.
दुपारी दिवाणावर पालथी पडून सराव केला. हात बरोबर पडतात. पाय बरोबर पडतात. एक उशी फाटली. खालच्या मजल्यावरची हुस्नबानू वर विचारायला आली, सोजरबाई, काय आपटताय. सांगितलं. ती म्हणाली, पाण्यात गेलात तर मला पण घ्या, मी पाय सोडून बसेन. बसू दे. पोहणाऱ्याबरोबर बसणारं कोणीतरी लागतंच.

१३ एप्रिल, रात्री
पहिला झरा. मुळशीच्या बाजूला, देवळामागे. रणजितने गाडी काढली, तोंड वाकडं करून का होईना. पाणी काचेसारखं. मी काष्टा मारून तयार होते. उतरले नाही, कारण सात-आठ पोरं स्पीकर लावून बसली होती. आमच्याकडे झऱ्यावर बायकांची वेळ ठरलेली असायची. उन्हं डोक्यावर आली की पुरुषमाणूस त्या वाटेला फिरकत नसे. मी त्या पोरांना तसं सांगितलं. एक जण म्हणाला, आज्जी, टाइमिंग कुठं लिहिलंय. मी म्हणाले, तुझ्या आईला विचार. स्पीकर बंद झाला, पण पोरं हलली नाहीत.
मी आणि हुस्नबानू पाय सोडून बसलो. बारके मासे टाचा टोचतात. हुस्नबानू म्हणाली, याला मॉलमध्ये पैसे घेतात.
संस्कृती आपणहून कमरेपर्यंत गेली. पोटात दुखलं नाही. माझ्या शिकवण्याचा परिणाम.

१४ एप्रिल
भैरूला फोन केला. धाकटा भाऊ. म्हटलं, ११ तारखेला येतोय, कुंडातलं शेवाळ काढून ठेव, मी पोहणार आहे. कोण पोहणार, असं त्याने दोनदा विचारलं. वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, आक्का, तुला कवा पवता येत हुतं?
मी म्हणाले, अरे, माझ्या मागून तूच शेपटासारखा यायचास. तर म्हणतो, तुज्या पाठीला भोपळा बांदलेला असायचा, बुडू नये म्हून. आमा पोरांचा भोपळा आबांनी दुसऱ्या उन्हाळ्यात सोडला. पोरींचा कुनी सोडलाच न्हाय. तुजं लगीन झालं तवा बी खुटीला हुता.
मी फोन ठेवला. म्हाताऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं. चौसष्ट वर्षांचा आहे तो.

१५ एप्रिल
रात्रभर विचार केला. भोपळा होता, खरं आहे. पण तो पाठ सरळ राहावी म्हणून. शाळेत पट्टी धरून रेघ मारतात, म्हणून रेघ पट्टीने मारली असं कोणी म्हणत नाही. हात माझे, पाय माझे. भोपळा आपला मागे असायचा.
पाठ आता थोडी वाकली आहे. म्हणून एक भोपळा आणावा लागेल.

१७ एप्रिल
मंडईत वाळका भोपळा मिळत नाही. भाजीवाली म्हणाली, ओला घ्या, घरी वाळवा, वर्ष लागेल. मला २४ दिवस आहेत.
हुस्नबानूचा भाऊ इम्तियाज सदाशिव पेठेत तंबोरे दुरुस्त करतो. त्याच्या माळ्यावर भोपळेच भोपळे. कशाला हवा विचारलं. सांगितलं तर भोपळा छातीशी धरून उभा राहिला. म्हणाला, ताई, याला तारा चढल्या तर हा गाईल, त्याला तुम्ही पाण्यात घालणार. मी म्हणाले, गाणारी माणसं पण आंघोळ करतात. शेवटी देठाजवळ चीर गेलेला एक दिला. चीर लाखेने बुजवली. वर मला सांगितलं, जपा. मला नाही, भोपळ्याला.

२० एप्रिल
दुसरा झरा. पानशेत रस्त्यावरून आत. माणूस नाही, स्पीकर नाही, म्हणजे कारणही नाही.
भोपळा पाठीला बांधला, जुन्या लुगड्याच्या काठाने. कमरेपर्यंत गेले. छातीपर्यंत गेले. पाय उचलले. पोहले. पाच हात तरी पोहले असेन. हुस्नबानू म्हणते दोन. तिला चष्मा लागलाय.
मग मागे बुडबुड ऐकू आलं. लाख सुटली. भोपळा भरला आणि मागून कोणी पदर ओढावा तसा मला ओढायला लागला. मी ओरडले नाही, रणजितला बोलावलं. त्याने पँट न काढता उडी मारली. पाण्याबाहेर आल्यावर आधी मोबाईल बघितला, मग मला.
भोपळा दोन तुकडे होऊन मधे तरंगत गेला. संस्कृती जाऊन घेऊन आली. मी म्हणाले, तिकडे खोल आहे, परत फीर. तर ती तिथूनच म्हणाली, आज्जी, हात असे केले की तोंड वर राहतं. मी म्हणाले, तेच तर शिकवतेय.
सगळी चूक इम्तियाजची. नको ती वस्तू देऊ नये माणसाने.

२७ एप्रिल
तोच झरा. भोपळ्याशिवाय सराव करायचा होता. केला नाही. अमावस्या आहे.

४ मे
पाणी गार होतं. शिवाय सर्दी होणार होती, मला आधी कळतं. संस्कृतीने माझ्या वाटचं पोहून घेतलं.

१० मे
सूनबाईने विचारलं, आई, उद्या नक्की ना, नसेल तर राहू दे. गोड आवाजात विचारलं. गोड आवाजाचा मला राग येतो. मी म्हणाले, काठावर टॉवेल घेऊन उभी राहा.
भैरूचा फोन आला. म्हणाला, आक्का, पत्र्याचे दोन डबे हायेत, बांदू का? मी म्हणाले, तुझ्या तोंडाला बांध.

११ मे, दुपारी ४
माहेर. कुंड तेवढंच आहे. माणसं जास्त आहेत. भैरूने अर्धा गाव जमवला. एक बाई लहान पोराला सांगत होती, बघ, आज्जी उडी मारणार.
जे झालं ते लिहिते. काष्टा मारला. उतरले. पाठीला काही नव्हतं. पाठ इतकी मोकळी मला कधी वाटली नव्हती, आणि आवडलीही नाही. समोरचा काठ वीस हातांवर. पाय उचलले. हात मारले. सगळं दिवाणावर केलं तसंच केलं. दिवाण खाली नव्हता.
नाकातोंडात पाणी गेलं. आपण आता मरतो, हे कळलं. भैरूला डबे बांध म्हणायला हवं होतं, हेही कळलं. मग कोणीतरी दंड धरला. माणूस बारीक होतं. संस्कृती. म्हणाली, आज्जी, उभी राहा, इथं उभं राहता येतं. राहिले. पाणी छातीपर्यंत होतं.
काठावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, उत्तरं तयार होती.
संस्कृती मला काठाला लावून वळली आणि त्या काठाला जाऊन परत आली. कुत्र्यासारखं पोहते, पण पोहते. सूनबाई टॉवेल घेऊन तशीच उभी. मग तिने विचारलं, हे कोणी शिकवलं तुला. पोरगी म्हणाली, आज्जीने.
खोटं बोलायला कोणी शिकवलं, तेवढं मला माहीत नाही.

१२ मे
क्लास बंद झाला. सूनबाई म्हणाली, आता गरज नाही. म्हणजे मी जिंकले. संस्कृती सुट्टीभर माझी. आता तिला माझी गरज नाही, हे सूनबाई बोलली नाही. तिच्या आवाजात नव्हतं. मीच शोधून काढलं.

१८ मे, संध्याकाळी
पुन्हा पानशेतकडचा झरा. सगळे पाण्यात. रणजित, सूनबाई, संस्कृती. हुस्नबानूसुद्धा गुडघ्यापर्यंत उतरली. माझ्याकडे टॉवेल आणि चपला सांभाळायला दिल्या. माकडं आहेत तिथं, अनुभवी माणूस लागतं.
सगळ्यांची तोंडं पलीकडे होती तेव्हा मी उतरले. काठावरच्या झाडाचं एक मूळ पाण्यात आलंय, ते दोन्ही हातांनी धरलं. आडवी झाले. पाणी कानात शिरलं, आत झऱ्याचा आवाज येतो, बारीक, उकळल्यासारखा. तो मी याआधी कधी ऐकला नव्हता.
संस्कृतीने वळून बघितलं. लांबूनच ओरडून बापाला सांगायला लागली, बाबा, आज्जी तरंगतेय. गाडीत रणजितने विचारलं, खरंच तरंगलीस का गं. मी म्हणाले, मग काय.
एक पाय खाली टेकलेला होता.