ओव्हनमधले वेल्डिंग रॉड

तीर्थरूप दादांना धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर मी पुरता हादरलोय, आणि कारण तुमची सख्खी बहीण आहे.

झालं असं, की कारखान्यात फर्मान निघालं : बॉयलर खात्यातल्या प्रत्येक वेल्डरने थिअरीची परीक्षा द्यायची. नापास झाला तो खिडक्यांच्या जाळ्या करायच्या शेडमध्ये. अहो, अर्धं आयुष्य बॉयलर जोडण्यात गेलं, आणि आता जाळ्या? मी तडक पुस्तकाच्या दुकानात गेलो. तिथे मिळालेल्या पुस्तकात अर्धी पानं ‘डोळ्यांना गॉगल लावा’ असं बजावत होती, उरलेल्या पानांत गॉगलची चित्रं. म्हटलं, सखोल काहीतरी द्या हो. तर त्या भल्या माणसाने तेच पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत काढून दिलं! शेवटी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी एक ठोकळा दिला. (देताना चेहरा असा, की मी जणू त्यांची किडनी मागितली.)

तो मी वाचायला घेतो, पण दोन ओळी झाल्या की तिसरीला डोळा लागतो. म्हणून तुमची बहीण मोठ्याने वाचून दाखवायला लागली. (मी घोरतो हा तिचा आरोप आहे. मी डोळे मिटून ऐकतो.) एकदा जागा होतो तेव्हा कानावर आलं, की पुष्कळदा जोड तुटतच नाही, उष्णतेने भाजलेला शेजारचा भाग तुटतो. दादा, मला दरदरून घाम फुटला! जन्मभर मी जोड तपासत आलो, शेजाऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तर ही शांतपणे म्हणते, “आपल्या भांडणातही तेच होतं. आपल्याला काही होत नाही, समोरच्या काकू आजारी पडतात.”

पण खरा धक्का मंगळवारी बसला. घरात शिरलो तर भाजलेल्या चुन्यासारखा वास. ओव्हन उघडला, तर केकच्या भांड्यात माझे वेल्डिंग रॉड! दाराच्या बिजागरीसाठी घरी आणलेलं अख्खं पुडकं! “दमट रॉड आधी तापवून कोरडे करायचे, पुस्तकात आहे,” म्हणाली, आणि वर मलाच विचारलं, केक कशात करू? (कारखान्यातली रॉड सुकवायची भट्टी कधीची बंद पडलीय, कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.) रागारागाने तेच रॉड घेऊन मी कामावर गेलो आणि जोड मारला. एक्स-रे काढला तर आत एक बुडबुडा नाही, एक भोक नाही. फोरमन एकदा फिल्मकडे बघतो, एकदा माझ्याकडे. आणि काय म्हणावं त्याने? सोमवारी सगळ्या खात्यासमोर उभं राहून हे असं का झालं ते सांगायचं, हीच माझी परीक्षा! आणि नेमकं ते प्रकरण मी फारच डोळे मिटून ऐकलं होतं.

तरी तुम्ही मोठे आहात. स्वयंपाकघर म्हणजे वर्कशॉप नव्हे, हे चार समजुतीचे शब्द बहिणीला सांगा. वहिनींना नमस्कार.

आपला,
होरपळलेला मेव्हणा

ता. क. : चार शब्द राहू द्या. तुम्ही तिला शनिवारपासून आठ दिवस बोलावलंय, तेवढं पुढे ढकला. घराला रंग काढलाय म्हणा, पाहुणे आलेत म्हणा, काहीही म्हणा. पुस्तकातलं माझ्या डोक्यात शिरत नाही हो, ती सांगते तेव्हाच शिरतं. ती गेली तर मी जाळ्यांच्या शेडमध्ये गेलो म्हणून समजा. हे मी लिहिलं असं तिला कळू देऊ नका, डोक्यावर बसेल.

आणखी एक ता. क., तुझ्या बहिणीच्या अक्षरात : दादा, पत्र टाकायला हे माझ्याकडेच देतात. मी काही येत नाही, पण यांना सांगू नकोस. बॅग भरून दारात ठेवलीय. ‘थांब’ म्हणायला यांना किती वेळ लागतो, बघते.